मामा घाबरत का नाही

मरोळ,
१६ जानेवारी २०२४

प्रिय मामा,

तू माझी इज्जत घालवलीस. आधी हे सांगते, नमस्कार नंतर.

रविवारी दुपारी आमच्या अंधेरीच्या स्टुडिओत वीस माणसं बोलावली होती. पिक्चर थेटरात लागायच्या आधी कोण कुठे घाबरतं ते बघायला. एकोणीस जणं घाबरली. कॉलेजची दोन पोरं खुर्चीतून उडाली. एका बाईने शेजारच्या अनोळखी माणसाचा दंड धरला आणि नंतर सॉरी सॉरी करत बसली. आणि विसावा माणूस, म्हणजे माझा सख्खा मामा, शेंगदाणे खात होता. माळ्यावरची ती बाई खाली उतरते तिथे तर तू मला विचारलंस, "संपलो काय गे?"

मामा, त्या पिक्चरमध्ये दिसतं ते दुसऱ्यांचं, पण ऐकू येतं ते सगळं माझं आणि ॲश्टनचं. माळ्याचं दार कुरकुरतं तो आवाज ॲश्टनच्या आजीच्या लाकडी पेटीचा आहे. त्या बाईचा श्वास माझा आहे. तीन दिवस माईकसमोर तसा श्वास घेऊन मला चक्कर यायला लागली होती. दिग्दर्शक म्हणतो, एक जरी माणूस इतका थंड बसला तरी आवाजात कुठेतरी भोक आहे, शोध. तर खरं खरं लिही. तू का घाबरला नाहीस?

आणि फोन उचलत जा रे. विक्रोळी ते मरोळ बस पाऊण तासाची, आणि आपण पोस्टाची तिकिटं चिकटवत बसतो. ॲश्टन विचारतो, तुझा मामा इंग्रजांच्या काळातला आहे का.

मामीला नमस्कार, आणि रविवारी तिच्यापाशी बसल्या त्या शेजारच्या काकूंनाही.

तुझी,
रुचिरा


विक्रोळी,
२३ जानेवारी २०२४

चिरंजीव रुचिरास मामाचे आशीर्वाद. तुझ्या मामीचेही आशीर्वाद, तिने आत्ताच सांगितले.

इज्जत घालवली असेन तर माफ कर. पण खोटे खोटे घाबरून कशाला दाखवू? पिक्चर चांगला आहे. ती बाई केस विंचरत नाही एवढेच खटकले. मधेमधे खुर्ची थरथरत होती ते मात्र झकास होते. अठ्ठावीस वर्षे मी गिरणीच्या साचेखात्यात, कापड विणणाऱ्या मागांवर काढली. चार चार साचे एकटा चालवायचो आणि पायाखालची फरशी अशीच थरथरायची. मला तर जरा डुलकी आली.

भुताचे म्हणशील तर भित्यापाठी ब्रह्मराक्षस. लहानपणी गावी चिंचेखालून जाताना तू माझे बोट घट्ट धरायचीस. तेव्हा तरी मी कुठे घाबरत होतो?

फोनचे म्हणतेस, तर फोनवर माणूस घाईत बोलतो आणि पत्रात विचार करून लिहितो. शिवाय पत्र मामीला वाचून दाखवता येते. तिच्या अंगावरून वारे गेले त्याला आता दोन वर्षे होतील. उजवी बाजू अजून उठत नाही. बोलणे जड झाले आहे, तुम्हा कुणाला ती काय म्हणते ते उमगत नाही. मला उमगते. पन्नास वर्षांच्या संसारात एवढे तरी यायला हवे. काल म्हणाली, सोलकढीत मीठ नाही. खरेच नव्हते.

यापेक्षा भारी भूत असेल तर पाठव. बघून कळवतो.

तुझा,
धाकूमामा


मरोळ,
३ फेब्रुवारी २०२४

प्रिय मामा,

आव्हान स्वीकारलं. ॲश्टन तुमच्या बाजूला येतोय, त्याच्या हाती माझा टॅब पाठवते. त्यात चार पिक्चर आहेत. सगळं जग ज्यांना घाबरलं ते चार. लोक म्हणे थेटरातून पळून गेले होते.

अर्थात तू एकटा नाहीस. इंटरनेटवर तुझे जातभाई भरपूर आहेत. "जगातला सगळ्यात भयानक म्हणून बघितला आणि झोप लागली," असं लिहिणारे. प्रत्येकाचं कारण वेगळं. कुणी म्हणतं भूत फार लवकर दाखवलं, कुणी म्हणतं देवावरच विश्वास नाही तर सैतानाला काय घाबरायचं. ॲश्टनची आई कुठल्याच पिक्चरला घाबरत नाही, पण पाल दिसली की टेबलावर चढते. तुझंही काहीतरी कारण असणार आणि ते मी शोधून काढणार. तीन आठवड्यांत मला आवाजाचं काम पुरं करून द्यायचंय.

एक काम कर. शेजारच्या जानकीकाकूंना बोलव. त्या आणि मामी कुठे कुठे दचकतात ते लिहून ठेव. आवाज पूर्ण मोठा ठेव. काकू ओरडल्या तरी चालतील.

तुझी,
रुचिरा


विक्रोळी,
१४ फेब्रुवारी २०२४

चि. रुचिरास आशीर्वाद.

चारही पिक्चर पाहिले. जग कशाला घाबरले ते जगालाच ठाऊक. पहिल्यात सगळे घर रिकामे आहे आणि एक पोरगा जिन्याकडे बघत राहतो. मीही बघत राहिलो. दुसऱ्यात एक बाई अंधारात पाठमोरी उभी राहून बराच वेळ काहीतरी बोलते. पाठमोऱ्या माणसाचे बोलणे कसे कळणार? तिसऱ्यात भूत आले तेव्हा मी डाळीला फोडणी देत होतो. चौथा बरा होता, त्यात समुद्र आहे.

जानकीचे मात्र विचारू नकोस. ती नको तिथे घाबरते. एकदा पडद्यावर नुसता बंद दरवाजा होता, दुसरे काहीच नाही, आणि ही किंचाळून उठली. हातातला सूप भरून तांदूळ सगळा जमिनीवर. मी विचारले, "काय झाला गो?" तर म्हणते, "भावजी, ऐकलात मां?" तुझ्या मामीनेही तिथेच डाव्या हाताने माझे मनगट इतके घट्ट धरले की नखे उमटली. बायकांचे काळीज, दुसरे काय.

या नादात कुकरची डाळ करपली. मी नेहमी वाफ बघून शिट्ट्या मोजतो, त्या दिवशी बघायचे राहिले.

तुझे काम झाले का?

तुझा,
धाकूमामा


मरोळ,
२० फेब्रुवारी २०२४

मामा,

तुझं पत्र स्टुडिओत घेऊन गेले. ॲश्टनला हसायला म्हणून वाचून दाखवलं. तो हसला नाही. त्याने तो बंद दरवाज्याचा तुकडा लावला. मला घाम फुटला. दाराच्या पलीकडे कुणीतरी नखांनी लाकूड खरवडतं आणि हळूच एका पोराचं नाव घेतं. मग त्याने आवाज पूर्ण बंद केला आणि तोच तुकडा परत लावला. एक दरवाजा. दुसरं काही नाही. ॲश्टनने डबा उघडून जेवायला सुरुवात केली. आणि मला तू दिसलास, शेंगदाणे खाताना.

मामा, तुला ऐकू येत नाही.

किती दिवसांपासून? किती येत नाही? मी आठवत बसले. तू माझ्या डोळ्यांत बघत नाहीस, तोंडाकडे बघतोस. मला वाटायचं प्रेमाने बघतोस. मी दारातून हाक मारली तर आधी मामी बघते, मग तिच्या चेहऱ्याकडे बघून तू वळतोस. शिट्ट्या कुणी वाफ बघून मोजतं का रे? आणि ही पत्रं. चार वर्षं मी हौसेने तिकिटं चिकटवतेय.

मला आता भीती वाटते, आणि ती पिक्चरची नाही. तू स्वयंपाक करत असताना मामी खाटेवरून धप्पकन खाली पडली तर? गॅसवर भांडं उतू गेलं आणि ती नुसती खाट बडवत राहिली तर? तुम्ही दोघंच असता त्या खोलीत. आज कामात माझं लक्ष नव्हतं. प्रीतमला, तुझ्या पोटच्या पोराला, हे ठाऊक आहे का? तू सांगतोस की मी सांगू?

लगेच लिही.

रुचिरा


विक्रोळी,
२६ फेब्रुवारी २०२४

रुचिरा,

झाकली मूठ सव्वा लाखाची होती. तू उघडलीस.

साचेखात्यात शंभर साचे एकदम चालायचे. तिथे कुणी कुणाचे ऐकत नसे. धोटा मारता मारता आम्ही ओठ वाचायचो. चार साच्यांपलीकडचा माणूस चावट गोष्ट सांगायचा आणि मी इकडे हसायचो. मुकादमाला वाटे वेडा आहे. घरी आलो की कानात तोच खडखडाट राहायचा. आधी रात्रीपुरता, मग कायमचा. गिरणी बंद पडली तेव्हा कान जवळजवळ गेलेच होते. पुढे कारखान्याच्या गेटवर वॉचमन झालो. बहिऱ्याला वॉचमन कोण ठेवतो? म्हणून लपवले. एकदा लपवायला लागलो ते राहिलेच. जे कळत नाही त्याला मान हलवून हो म्हणायचे, निम्म्या वेळा चालून जाते. हे फक्त तुझ्या मामीला ठाऊक आहे.

आता तू विचारलेस त्याचे उत्तर. मी घाबरतो. सकाळी उठल्यापासून घाबरतो. तिच्या तोंडाकडे बघत असतो तोवर बरा असतो. पाठ वळली की वाटते, आता हाक मारली असेल. भाजी चिरताना दहा वेळा मागे बघतो. दोन वर्षांत तिने किती हाका मारल्या असतील आणि मी पाठ करून उभा राहून ऐकल्या नसतील, हे मनात आले की जेवण जात नाही.

म्हणून एक सुतळी केली आहे. एक टोक तिच्या डाव्या मनगटाला, दुसरे माझ्या कमरेच्या करगोट्याला. गाठ विणकराची आहे, सुटत नाही आणि आवळतही नाही. एकदा ओढले की पाणी, दोनदा म्हणजे कूस बदलायची, तीनदा म्हणजे धावत ये. आजवर तीनदा कधी ओढले नाही.

प्रीतमला सांगू नकोस. तुझ्या पाया पडतो म्हणालो तर मोठ्या माणसाला शोभत नाही, तरी म्हणतो. त्याने बदलापूरला कुठलेसे केंद्र बघून ठेवले आहे, अशा माणसांना सांभाळणारे. म्हणतो, "बाबा, तुमचंही वय झालं." मी बहिरा हे कळले की तो एक दिवस थांबणार नाही. आणि तिथे तिचे बोलणे कुणाला कळेल? मीठ नाही म्हणाली तर कोण ऐकेल?

मामा


मरोळ,
२ मार्च २०२४

मामा,

पत्र तीन वेळा वाचलं. एक महिना गप्प राहते, त्याहून जास्त नाही. तेवीस मार्चला तुझी कानाच्या डॉक्टरांकडे वेळ घेतली आहे, मी न्यायला येईन. मशीन बसलं की मग तूच प्रीतमला सांग, ताठ मानेने सांग. तोवर सुतळी सोडू नकोस, आणि जानकीकाकूंना तरी विश्वासात घे.

मी वचन दिलंय खरं, पण मला ते आवडलेलं नाही.

रुचिरा


विक्रोळी,
१३ मार्च २०२४
स्पीड पोस्ट

रुचिरा,

वाट लागली. अक्षर वाईट आले आहे, समजून घे.

काल मंगळवार, भर दुपारी प्रीतम न सांगता आला. मी भाकऱ्या थापत होतो. सुतळी बांधलेली होती. जानकीला मी काही सांगितले नव्हते, लाज वाटली. तिने आपल्या मनाने त्याला फोन केला होता की भावजी वैनींना बांधून ठेवतात. तिच्या मनात वाईट नाही, तिला तसेच दिसले असणार. प्रीतमने दारातून पाहिले आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. कपाटावरची कात्री घेऊन त्याने सुतळी कापली. मनगटावर लाल वळ होता, पिठासारख्या मऊ कातडीवर तेवढ्यानेही उठतो. तो वळ त्याने मला दाखवला.

मग तो कपाटाकडे तोंड करून तिची कागदपत्रे काढू लागला आणि बोलू लागला. पाठ माझ्याकडे. खांदे हलताना दिसत होते. तोंड दिसत नव्हते. बराच वेळ बोलला. वळला तेव्हा मी काहीतरी म्हणावे असा उभा होता. मी मान हलवली. जन्मभर हलवत आलो तशीच. मग तो म्हणाला, "नक्की ना?" हे मला दिसले. मी म्हणालो, "हो, नक्की." तुझी मामी डाव्या हाताने खाट बडवत होती, मला वाटले तिला पाणी हवे आहे.

तो गेल्यावर जानकी डोळे पुसत आली. "भावजी, वैनींक धाडूक तुमी कबूल कसे झालात?"

रविवारी अकरा वाजता गाडी येणार आहे. मी स्वतःच्या तोंडाने हो म्हणालो आहे. आता नाही म्हटले तर कारण सांगावे लागेल, आणि कारण सांगितले तर तो नक्कीच नेणार. माझी मती चालत नाही. सुतळी पुन्हा बांधायची हिंमत होत नाही. कालपासून तिच्यासमोर नुसता बसून आहे. मोरीत जायचीही भीती वाटते. जानकी जेवण देते.

ये. रविवारच्या आधी ये.

मामा


मरोळ,
१९ मार्च २०२४

प्रिय मामा,

रविवारी तुझ्या पाठीमागे जे झालं ते तुला ऐकू आलेलं नाही, म्हणून लिहिते. ते कळायचा तुझा हक्क आहे.

मी वचन मोडलं. गाडी खाली उभी होती, प्रीतम मामीची पिशवी भरत होता आणि तू खाटेच्या कडेला तिचा हात धरून बसला होतास. मी प्रीतमला दाराशी ओढून नेलं आणि म्हटलं, "बाबांना हाक मार." तो म्हणाला, "काय फालतूपणा आहे?" मी म्हटलं, "मार तर." त्याने "बाबा" अशी हाक मारली. तू हलला नाहीस. त्याने परत मारली, मोठ्याने. तिसऱ्यांदा तो असा ओरडला की खालून ड्रायव्हर वर बघायला लागला. तू मामीचा पदर नीट करत होतास.

मग मी त्याला सुतळीचं सांगितलं. एकदा पाणी, दोनदा कूस, तीनदा धावत ये. तो उंबऱ्यावर बसला. म्हणाला, "मी ती कापली गं." बराच वेळ तेवढंच म्हणत होता. तू वळून बघितलंस ते तो रडत असताना. तुला वाटलं आईला न्यायचं म्हणून रडतोय.

त्यानंतरचं तुला ठाऊक आहे. मामी काहीतरी म्हणाली, आम्हाला कुणाला कळलं नाही, आणि तू सांगितलंस, "ती म्हणता, पिशवी रिकामी कर." गाडी परत गेली. प्रीतम आता आठवड्यातून तीन दिवस येणार आहे, मशीनचंही तोच बघणार आहे.

पण तू माझ्याकडे बघितलं नाहीस. मी समोर येऊन "मामा, सॉरी" म्हणायला लागले तर तू डोळे मिटून घेतलेस. तुझ्याशी बोलायला आणखी कुठला रस्ता असतो का रे? मला फार वाईट वाटलं. मी घाबरले होते, म्हणून सांगितलं. परत तशी वेळ आली तर परत सांगेन.

पिक्चरचं काम संपलं. दिग्दर्शकाला सांगितलं, आवाजात भोक नव्हतं. पिक्चर तुझ्याकडच्या टॅबवर टाकून ठेवलाय, मशीन बसलं की बघ, पहिल्यापासून.

तुझीच,
रुचिरा


विक्रोळी,
८ एप्रिल २०२४

चि. रुचिरास मामाचे अनेक आशीर्वाद.

उद्या पाडवा. राग वर्षाबरोबर संपवतो. तू केलेस ते बरोबर केलेस, मला ते त्या दिवशी बघवले नाही एवढेच.

परवा मशीन बसले. चिमणीएवढे आहे आणि कावळ्याएवढा आवाज करते. आपल्या चाळीत इतका गोंगाट आहे हे मला कुणी सांगितले नव्हते. जानकीच्या बांगड्या, नळ, वरच्या मजल्यावर सरकणारी खुर्ची. भाकरी थापताना आवाज होतो हे मी विसरलोच होतो. काल दुपारी तुझा पिक्चर लावला. माळ्याचे दार कुरकुरले आणि मग तो श्वास आला. तुझा आहे हे ठाऊक असून मी टॅब उलटा ठेवला. तुझी मामी इतकी हसली की उशी खाली पडली. तर घे, विसावा माणूसही घाबरला. दिग्दर्शकाला कळव.

पण तो पिक्चर काहीच नव्हता, रुचिरा. आज सकाळचे सांगतो.

मी तिला म्हटले, "मी भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, तू हाक मार." हे दोन दिवस या गोंगाटात सवयीने तिचे ओठच बघत होतो, आणि दोन वर्षे ज्या हाकेला घाबरलो ती एकदा कानाने ऐकायची होती. उभा राहिलो. पंखा ऐकू आला. कबुतरे ऐकू आली. तिची हाक आली नाही. वळून बघितले तर तिचे ओठ हलत होते. "अहो, अहो" म्हणत होती, स्वच्छ दिसत होते. मला वाटले मशीन बिघडले. सेल बदलला. परत भिंतीकडे वळलो. खाली कुणी तरी झाडू मारत होते तेही ऐकू आले. ती नाही. मी जवळ जाऊन कान तिच्या तोंडाला लावला. नुसती ऊब लागली.

जानकीला बोलावले. ती हातातली पळी घेऊनच आली. म्हणाली, "भावजी, वैनींचो आवाज वारो गेलो त्याच दिवशी गेलो. डॉक्टरान तुमका सांगितल्यान ना?"

सांगितले असेल. तेव्हा डॉक्टर तोंडाला मास्क लावून बोलत होता. मी मान हलवली होती.

तुम्हा सगळ्यांना ठाऊक होते. तुम्हाला वाटले मला ठाऊक आहे. मला वाटले तिचे बोलणे जड आहे म्हणून तुम्हाला उमगत नाही. दोन वर्षे मी माझ्या कानांना शिव्या दिल्या की ती हाक मारते आणि मला ऐकू येत नाही. तिच्याकडे हाक नव्हतीच. मी पाठ करून उभा असताना ती इथे पडून काय करत असेल, हे आज सकाळपासून डोळ्यांपुढून हलत नाही. एवढा मी कधी घाबरलो नव्हतो.

तिला विचारले, एवढी मोठी गोष्ट, मला सांगितली का नाहीस? तिने डाव्या हाताने माझी हनुवटी आपल्या तोंडाकडे वळवली. मग म्हणाली, "तुमी आधीच भियालेलात. अजून कित्याक भियवू?"

मशीन डबीत काढून ठेवले आहे. उद्या लावीन, प्रीतम येणार आहे. सुतळी मात्र नवीन आणली, मऊ सुताची, विणकराचीच गाठ मारली. या वेळी प्रीतमला आणि जानकीला खुणा सांगून ठेवल्या आहेत. तुलाही ठाऊक आहेत, विसरू नकोस.

आणखी लिहायचे होते. पण आत्ता सुतळी ओढली. तीनदा.